अ.पा.क. : नातवंडाचे पालक होताना

सातबाऱ्यावर लहान मुलाचं नाव लागलं की त्याच्या शेजारी तीन अक्षरं येतात: अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अठरा वर्षांखालच्या माणसाला महसुली भाषेत 'अज्ञान' म्हणतात आणि त्याच्या वतीने बघणाऱ्याला पालनकर्ता. तलाठ्याचं पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालं, अ.पा.क. मात्र तसंच राहिलं. आणि माझ्या मते, आई-वडील गेलेल्या पोरांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ याच तीन अक्षरांनी घातला आहे.

तो कसा, हे कळायला एक जोडपं कल्पनेतच उभं करू. पारोळा तालुक्यातलं गाव. आप्पा ६८ वर्षांचे, माई ६३ च्या. सहा एकर कोरडवाहू, थोडं बागायत, कपाशी आणि ज्वारी. मुलगा आणि सून मोटारसायकलवरून येत असताना सुरत-नागपूर हायवेवर अपघात झाला आणि दोघंही गेले. सात वर्षांची नात त्या दिवशी माईंजवळ होती म्हणून वाचली. दहाव्याला ओट्यावर बसलेल्या चार माणसांनी ठरवून टाकलं, पोर आजी-आजोबांकडेच राहणार. त्यात ठरवण्यासारखं तरी काय होतं? कुणी कागदाचं नाव काढलं तर आप्पा म्हणाले असते, "आम्हनी नात, आम्हीच आते तिना मायबाप. कोर्टमा कसाले जानं?"

आप्पांचं अर्धं बरोबर आहे. पोर जवळ ठेवायला, शाळेत घालायला, ताप आला तर दवाखान्यात न्यायला कोर्टाची परवानगी लागत नाही. नात्यातल्या घरी नीट राहणाऱ्या मुलाला सरकार उचलून नेत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ सुद्धा मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय मानतो. पण पोर सांभाळणं वेगळं आणि पोराच्या वतीने व्यवहार करणं वेगळं. पहिल्यासाठी नातं पुरतं. दुसऱ्यासाठी कायदा विचारतो की तुम्ही कायद्याने पालक आहात का. आणि इथे आप्पांना धक्का बसेल असं उत्तर आहे: नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून बाप आणि त्याच्यानंतर आई, एवढीच नावं आहेत. आजोबा नाहीत, आजी नाही, काका-मामाही नाहीत. रक्ताचं नातं कितीही जवळचं असो, आई-बापांच्या पलीकडचा माणूस कायदेशीर पालक होतो तो न्यायालयाने नेमल्यावर, किंवा आई-बापांनी मृत्युपत्रात त्याचं नाव लिहून ठेवलं असेल तर. तिशीतल्या शेतकऱ्याने मृत्युपत्र करून ठेवल्याचं उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही, त्यामुळे उरतं न्यायालय. ते चालतं 'पालक व पाल्य कायदा, १८९०' वर. कायदा इंग्रजांच्या काळातला असला तरी आजही रोज वापरात आहे.

हा १९५६ चा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. भुसावळ-धुळ्याकडच्या मुस्लीम कुटुंबांत चित्र वेगळं दिसतं. तिथे व्यक्तिगत कायद्याप्रमाणे बापानंतर, बापाने मृत्युपत्राने कुणाला नेमलं नसेल तर, आजोबा म्हणजे बापाचे वडील मालमत्तेचे पालक होतात. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांना म्हणजे अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा आपोआप लागू होत नाही. त्यांच्यासाठी १८९० चा कायदा आणि जमातीची रूढी बघावी लागते. म्हणून नंदुरबारच्या माणसाने पारोळ्याच्या माणसाचं ऐकून अर्ज करू नये, आधी वकिलाला आपली जात-जमात सांगावी.

आता घोळाकडे येऊ. मुलाच्या नावावर दोन एकर होते. आप्पांनी वारस नोंदीचा अर्ज दिला, फेरफार झाला, नातीचं नाव लागलं आणि पुढे लिहून आलं 'अ.पा.क. आजोबा'. आप्पांना वाटलं, झालं, सरकारने आपल्याला पालक केलं. तसं काही झालेलं नसतं. महसुली नोंद ही सारा कुणाकडून घ्यायचा आणि जमिनीबद्दल कुणाशी बोलायचं याची नोंद आहे. तिने मालकी ठरत नाही आणि पालकत्वही ठरत नाही. नोटरीकडे जाऊन पाचशेच्या स्टॅम्पवर 'आम्ही या मुलीचे पालक आहोत' असं लिहून घेतलं तरी तेच. असा कागद शाळेत दाखवायला बरा पडतो, पण त्याने कुणी कायदेशीर पालक होत नाही. उलट त्या कागदावर विसंबून माणूस दोन वर्षं गाफील राहतो.

गाफील राहिल्याचं कळतं ते बँकेच्या खिडकीवर. नातीच्या नावाने खातं उघडायला आप्पा जातात. खिडकीतला माणूस विचारतो, नैसर्गिक पालक कोण? वारले. मग न्यायालयाचा आदेश आहे का? आप्पांना तो माणूस अडवणूक करतोय असं वाटतं. खरं तर तो नियमाने बोलतोय. अल्पवयीन मुलाचं खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फतच उघडता येतं. फक्त २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक गोष्ट सोपी केली: १० वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या सहीने बचत खातं उघडू आणि चालवू शकतं, किती रकमेपर्यंत ते ज्या त्या बँकेने ठरवायचं. आपली नात सातच वर्षांची आहे, तिला तीन वर्षं थांबावं लागेल.

सुकन्या समृद्धीचं खातं तर याहून बोलकं. कित्येक आजोबांनी हौसेने नातीच्या नावाने पोस्टात ही खाती काढली होती. २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सांगितलं की कायदेशीर पालक नसलेल्या आजी-आजोबांनी उघडलेली खाती नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर फिरवून घ्या. आई-बाप असतील तर हे एका फेरीत होतं. नसतील तर पुन्हा तोच न्यायालयाचा आदेश.

वाटण्या: माईंचा वाटा आहे, आप्पांचा नाही

मुलाच्या मागे वारस कोण, यावर गावात बहुतेक जण चुकतात. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची स्वकष्टाची मालमत्ता आधी पहिल्या वर्गातल्या वारसांना जाते: मुलगे, मुली, बायको आणि आई. बाप दुसऱ्या वर्गात आहे. म्हणजे मुलाने स्वतः घेतलेले दोन एकर आणि त्याच्या खात्यातले पैसे यात माईंचा वाटा आहे, आप्पांचा नाही. नातीचा तर आहेच.

आणि इथे कायद्याची एक बारीक गाठ आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलगा आणि सून एकाच अपघातात गेले. आधी कोण गेलं हे कुणालाच माहीत नाही. अशा वेळी त्याच कायद्याचं कलम २१ म्हणतं: उलट काही सिद्ध होत नाही तोवर वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली असं धरा. सून लहान होती. म्हणजे कायद्याच्या हिशेबात मुलगा आधी गेला, त्याच्या मालमत्तेचे तीन वाटे पडले, माई, सून आणि नात. मग क्षणात सूनही गेली आणि तिचा वाटा तिच्या मुलीकडे आला. नातीला तीनातले दोन, माईंना एक. तेच सून आधी गेल्याचं सिद्ध झालं असतं तर माई आणि नात निम्मे-निम्मे झाले असते. दवाखान्याच्या कागदावर मृत्यूची वेळ लिहिलेली असते, ती कधी कधी अशी कामाला येते.

जमीन वडिलोपार्जित असेल आणि सातबारा अजून आप्पांच्याच नावावर असेल, जे आपल्याकडे घरोघरी दिसतं, तर हिशेब आणखी वेगळा. २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीलाही जन्मापासून मुलासारखाच हक्क आहे. तेव्हा "पोरीची जात, लग्न करून दिली की झालं, जमीन काकाच्या पोरांना राहू द्या" हे बोलणं ओट्यावर चालतं, कायद्यात चालत नाही. नातीच्या वतीने हक्कसोड पत्रावर सही करायला कुणी सांगितलं तर आप्पांनी पेन खाली ठेवावं. अल्पवयीन मुलाचा हक्क सोडून द्यायचा अधिकार पालनकर्त्याला नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही परवानगीशिवाय नाही.

जमीन विकण्याचंही असंच. १८९० च्या कायद्याचं कलम २९ सांगतं की नेमलेल्या पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाची स्थावर मालमत्ता विकू नये, गहाण टाकू नये, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देऊ नये. वर्षाच्या बोलीने बटाईने किंवा मक्त्याने शेत द्यायला अडचण नाही, आणि आप्पांच्या वयात बहुधा तेच करावं लागेल. पण परवानगी न घेता विकलेली जमीन ही घेणाऱ्याच्या गळ्यातलाही फास आहे, कारण मूल अठराचं झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करायला जाऊ शकतं. म्हणून शहाणा घेणारा स्वतःच आदेश मागतो. एकत्र कुटुंबाची जमीन कर्त्याने कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी विकली तर मात्र ही परवानगी लागत नाही, आणि नेमक्या या फटीतून बरेच वाद आत येतात. खरी गरज कोणती? पिकाला पाणी नाही म्हणून केलेली बोअर, की काकाच्या मुलाच्या लग्नाचा मांडव?

सुनेच्या सोन्याबद्दल दोनच वाक्यं, पण ती महत्त्वाची. तिची पोत, पाटल्या, झुमके, माहेरचे असोत की सासरकडून घातलेले, तिचं स्त्रीधन होतं आणि ते आता पूर्णपणे नातीचं आहे. जळगावच्या सोन्याचं कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांना हे पटायला जड जातं, कारण "घरचं सोनं घरात" असं म्हणून ते धाकट्या सुनेच्या लग्नात मोडायची चाल आहे. यादी करावी, वजन लिहावं, फोटो काढावा, नातीच्या मामाला एक प्रत द्यावी. अर्ध्या भांडणांचं मूळ इथेच असतं.

विकास सोसायटीचं पीककर्ज मुलाच्या नावावर राहिलं असेल तर घाबरून जाऊ नये. वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच कर्जाची जबाबदारी असते. सात वर्षांच्या मुलीच्या मागे कुणी वसुलीला येऊ शकत नाही. पण तिच्या वाट्याच्या जमिनीवरचा बोजा मात्र फेडल्याशिवाय उतरत नाही, तेव्हा सोसायटीत जाऊन हिशेब लिहून घ्यावा.

पासबुकातल्या दोन बारीक नोंदी

दुःखात पहिला महिना जातो. तो जाऊ द्यावा, कुणी घाईने कशावर सह्या घ्यायला आलं तर मुळीच करू नयेत. मात्र एक-दोन कामांना थांबता येत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दाखल्याच्या दोघांच्या मिळून तरी वीस प्रती काढून ठेवाव्यात, त्या कशा संपतात हे कळत नाही.

मग मुलाचं आणि सुनेचं पासबुक काढून मागची दोन वर्षं चाळावीत. मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपये कापले गेले असतील तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ रुपये कापले गेले असतील तर जीवन ज्योती, कुठल्याही मृत्यूला २ लाख. दोघांच्या खात्यात दोन्ही नोंदी सापडल्या तर ८ लाख होतात. बँक स्वतःहून फोन करून हे सांगत नाही. नवऱ्याने बायकोचं आणि बायकोने नवऱ्याचं नाव नॉमिनी म्हणून दिलेलं असतं आणि दोघंही गेलेले असतात, तेव्हा बँक वारसाचा कागद मागते. तलाठ्याची वारस नोंद आणि दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेला आणि विमा कंपनीला बहुतेक वेळा दुसरा लागतो. आपल्या महाराष्ट्रात तो अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनवर मिळतो, म्हणजे पेशवाई बुडून दहाही वर्षं झाली नव्हती तेव्हाच्या नियमावर.

मुलगा सातबाराधारक असो की घरातला वहितीदार, शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानातून २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि तो तीस दिवसांत द्यायचा असतो, म्हणून तेराव्यानंतर पहिलं पाऊल तिकडे टाकावं. आणि आपली पोरं हल्ली शेतात कमी, सुरत, नाशिक, चाकणच्या कंपनीत जास्त असतात. मुलाचा पीएफ कापला जात असेल तर पीएफ कार्यालयाकडून अनाथ मुलाला दरमहा पेन्शन मिळते, वयाच्या २५ पर्यंत. त्याच खात्याला जोडलेला विमाही असतो. कंपनीतून निघताना मित्राने आणून दिलेल्या पिशवीत फक्त कपडे आणि मोबाइल असतो, पीएफचा नंबर त्यात नसतो. तो पगाराच्या पावतीवर सापडतो.

अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तो करता येतो. २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून वर्षश्राद्धाची वाट बघू नये. दोघांचे दोन दावे करायचे. "ती घरीच असायची" म्हणून सुनेचा दावा सोडून देतात, ते चूक आहे. घरकाम आणि शेतकाम करणाऱ्या बाईच्या कामाची किंमत न्यायालय धरतं. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रन योजनेतून मृत्यूला २ लाख आहेत. या दाव्यासाठी आधी पालकत्वाचा आदेश लागत नाही. नातीच्या वतीने आजी किंवा आजोबा उभे राहू शकतात. मिळालेली रक्कम न्यायाधिकरण बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत नातीच्या नावाने ती अठराची होईपर्यंत ठेवायला सांगतं आणि व्याज खर्चासाठी काढू देतं. आप्पांना यात अविश्वास दिसतो. मला तर यात पोरीच्या बाजूने उभा असलेला एक तरी माणूस दिसतो.

दर महिन्याच्या खर्चासाठी दोन दारं आहेत. एक, जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याचं कार्यालय. तिथे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, बाल कल्याण समितीच्या मंजुरीनंतर. दुसरं, तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजना, जिच्यात अठरा वर्षांखालची अनाथ मुलंही येतात. तिथे उत्पन्नाची अट कडक आहे. कोविडच्या वेळची पाच लाखांची ठेव आणि पीएम केअर्सची दहा लाखांची योजना त्या साथीत आई-बाप गमावलेल्या मुलांपुरती होती. आजच्या अपघाताला ती लागू नाही, कुणी "करून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नयेत. अनाथ प्रमाणपत्र मात्र जरूर काढावं. राज्यात अनाथांना १ टक्का आरक्षण आहे आणि ते नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांनाही मिळू शकतं. दहावीनंतर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच बरं, कारण तेव्हा आप्पा ७७ चे असतील.

न्यायालयात काय होतं

अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात, किंवा त्याने अधिकार दिलेल्या न्यायालयात करायचा. तालुक्याच्या वकिलाला नेमकं ठिकाण माहीत असतं. अर्जात मुलाचं वय, राहण्याचं ठिकाण, जवळचे नातेवाईक कोण, मालमत्ता कोणती आणि किती, पालक कुणाला व्हायचंय आणि का, एवढं लिहायचं असतं. नातेवाइकांना नोटिसा जातात. मामाला नोटीस गेली म्हणून तो चिडतो, त्याला आधीच घरी जाऊन सांगून यावं. नोटीस म्हणजे भांडण नव्हे.

न्यायाधीश काय बघतात? कलम १७ त्यासाठीच आहे: मुलाचं वय, मुलगी की मुलगा, अर्जदाराचा स्वभाव आणि कुवत, नातं किती जवळचं, गेलेल्या आई-बापांची काही इच्छा होती का, आणि मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याचं म्हणणं. सगळ्याच्या वर मुलाचं हित. पालक देहाचा म्हणजे सांभाळापुरता नेमता येतो, मालमत्तेचा नेमता येतो, किंवा दोन्हींचा. मालमत्तेचा पालक झालात तर न्यायालय सहा महिन्यांत यादी आणि पुढे हिशेब मागू शकतं. वही घालून ठेवली तर यात काही अवघड नाही. खतं-बियाणांच्या दुकानाची पावतीसुद्धा त्या वहीत चिकटवावी.

आपल्या उदाहरणात एक अडचण आहेच. माई स्वतः मुलाच्या मालमत्तेत वाटेकरी आहेत आणि वाटेकरीच पालक झाला तर पोरीच्या वाट्याचं काय, असा प्रश्न न्यायालय विचारू शकतं. तो विचारायलाच हवा. उत्तर सोपं असतं: वाटे कागदावर स्पष्ट करून द्यायचे.

खर्चाचं म्हणाल तर बायकांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे. म्हणजे अर्ज माईंच्या नावाने केला तर त्यांना वकील फुकट. फोन १५१००. फुकटचा वकील म्हणजे कमअस्सल असं आप्पांना वाटेल. पण मोठ्या फीचा वकील पोरीवर जास्त माया करतो असंही काही नाही.

मामाने हरकत घेतली तर? "म्हातारी माणसं, आज आहेत उद्या नाहीत" हा नेहमीचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात यावर निकाल दिला आहे. कोविडमध्ये आई-बाप गेलेला पाच वर्षांचा मुलगा, एका बाजूला ७१ वर्षांचे आजोबा आणि ६३ वर्षांची आजी, दुसऱ्या बाजूला ४६ वर्षांची, सरकारी नोकरीतली, अविवाहित मावशी. उच्च न्यायालयाने मावशीला ताबा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आजी-आजोबांना दिला आणि वय किंवा उत्पन्न एवढ्यावरच आजी-आजोबांना नाकारता येणार नाही असं म्हटलं. मावशीला भेटायची मुभा राहिली. हा निकाल प्रत्येक आजोबाला जिंकून देईल असं समजू नये, प्रत्येक पोराचं हित वेगळं असतं. पण वयाचं नाव काढून कुणी घाबरवत असेल तर तो दाखवता येतो.

दोघांतलं एक जण हयात असेल तर गोष्ट बदलते. फक्त मुलगा गेला आणि सून आहे, तर पालक सून. तिने पुढे दुसरं लग्न केलं तरी ती पोराची आई आणि नैसर्गिक पालक राहते, तिचा नवा नवरा पालक होत नाही. आणि मुलाच्या मालमत्तेतला तिचा वाटाही लग्नाने जात नाही. हे ऐकून सासरकडचे पुष्कळ जण उठून जातात. सून गेली आणि मुलगा आहे, तर पालक मुलगा, मग पोर कितीही वर्षं आजीच्या कुशीत झोपत असो. बाप अपात्र आहे असं न्यायालयाला वाटलं तरच दुसरा पालक नेमता येतो.

दत्तक घ्यावं का, हेही लोक विचारतात. दत्तक गेलं की कायद्याने आई-बाप बदलतात. पालकत्वात ते तेच राहतात, दाखल्यावर नावंही तीच. सात वर्षांच्या मुलीला बापाचं नाव आठवतं. तिच्या दप्तरावर ते राहू द्यावं, असं मला वाटतं.

आप्पांच्या मागे कोण, हा प्रश्न माई रात्री विचारतात, दिवसा नाही. मृत्युपत्रात "माझ्या मागे नातीचा पालक अमुक" असं आजोबांना लिहिता येतं का? लिहिता येतं, पण ते बांधत नाही. मृत्युपत्राने पालक नेमायचा अधिकार आई-बापांचा आहे. आप्पा आपली मालमत्ता नातीला देऊ शकतात, ती कोण बघेल ते लिहू शकतात, पण पालक नव्याने न्यायालयच नेमेल. म्हणून पहिल्याच अर्जात एखादा तरुण माणूस सोबत घ्यावा. नाशिकला असलेली आत्या, गावातला काका, जिच्या किंवा ज्याच्या घरी पोर आखाजीला, कानबाईला चार दिवस आनंदाने राहते असं कुणीतरी. संयुक्त पालक नेमता येतात. निवड कागद बघून करू नये. पोर रात्री दचकून उठली तर कुणाच्या अंगावर हात टाकते ते बघावं.

पालकत्व नात अठराची झाली त्या दिवशी संपतं. न्यायालयाने पालक नेमला असेल तर पूर्वी ही मर्यादा एकवीस होती, १९९९ च्या दुरुस्तीने ती अठरा झाली. त्या दिवशी हिशेबाची वही तिच्या हातात द्यायची, सोन्याची यादी, ठेवीच्या पावत्या, बोजा उतरल्याचा कागद. मग जन्माचा दाखला घेऊन ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर एक अर्ज करायचा असतो, त्याचं नावच आहे 'अ.पा.क. शेरा कमी करणे'. फेरफार निघतो, नोटीस लागते, पंधरा दिवस हरकतीचे जातात. तोवर आप्पा ७९ चे झालेले असतील, आणि सातबाऱ्यावर तिच्या नावाशेजारचं त्यांचं नाव निघून जाईल.